मजुरी वेगळी, जळण वेगळं

कोल्हापुरात झाड उतरवायचा व्यवहार बहुतेक वेळा एका वाक्यात मिटतो. "लाकूड तुम्ही न्या, आमची जागा तेवढी मोकळी करून द्या." बंगल्याच्या मालकाला वाटतं, काम फुकटात झालं. तोडणाऱ्याला वाटतं, ट्रॉलीभर जळण पदरात पडलं. दोघेही खुशीत असतात आणि दोघांचाही तोटा झालेला असतो; फक्त तो त्या दिवशी दिसत नाही. छाटणी-तोडणी आणि जळाऊ लाकडाची विक्री असा जोडधंदा करणारे या शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत पुष्कळ आहेत. कुऱ्हाड जाऊन चेनसॉ आली, बैलगाडी जाऊन छोटा हत्ती टेम्पो आला, पण हिशेबाची पद्धत जुनीच राहिली. वर्षानुवर्षं घाम गाळूनही या धंद्यातला माणूस आहे तिथंच का राहतो, याची कारणं लोक निरनिराळी सांगतात: गॅस आला, परवानग्या वाढल्या, पोरं कामाला टिकत नाहीत. माझ्या मते ही सगळी दुय्यम कारणं. मूळ दुखणं त्या एका वाक्यात आहे. तोडणीची मजुरी लाकडातून वसूल करायची ही रीत चालू आहे तोवर धंदा नीट होत नाही, झाड नीट राहत नाही आणि जळणही चांगलं मिळत नाही. मजुरी वेगळी लावावी, जळणाचा भाव वेगळा लावावा, एवढंच माझं म्हणणं आहे. पण ते पटवायला थोडं खोलात जावं लागेल.

आधी झाडाकडे बघू. ताराबाई पार्कात किंवा राजारामपुरीत अंगणातल्या झाडाबद्दल तक्रार काय असते? एक फांदी पत्र्यावर आलेली असते, दुसरी विजेच्या तारेला लागलेली असते, टाकीत पाला पडत असतो. तेवढ्यासाठी मनगटाएवढ्या चार-सहा फांद्या काढल्या की काम भागतं. पण मनगटाएवढ्या फांद्यांत वजन ते किती? टेम्पोचं डिझेलही निघत नाही. वजन असतं ते मांडीएवढ्या फांद्यांत आणि बुंध्यात. मग ज्याला मजुरी म्हणून लाकूडच मिळणार आहे, तो साहजिकच सल्ला देतो, "साहेब, वरनं बोडकंच करून टाकू या, परत त्रास नको." हा माणूस लबाड असतो असं नाही. त्याला तसा सल्ला द्यायला लावणारा करार मालकानंच केलेला असतो. न्हाव्याला केसांच्या वजनावर पैसे द्यायचे ठरवले, तर दाढी करायला गेलेला माणूस टक्कल घेऊनच घरी येईल. शहरात मे महिन्यात रस्तोरस्ती जे मुंडके उडवलेले गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष दिसतात, ते अज्ञानापेक्षा या व्यवहारामुळे जास्त दिसतात.

बोडक्या केलेल्या झाडाचं पुढं काय होतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या आणि 1970 च्या दशकात एक गोष्ट मांडली, ती आता सगळीकडे मान्य आहे. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. कुजलेला भाग तसाच आत राहतो. झाड त्याच्याभोवती जणू भिंती उभ्या करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ही भिंत सगळ्यांत चांगली उभी राहते ती फांदीच्या बुडाशी, जिथं खोडाला लागून एक फुगीर कडं असतं. ते कडं शाबूत ठेवून फांदी काढली तर जखम काही वर्षांत गोल मिटत जाते. फांदी मधेच तोडून खुंट ठेवला तर खुंट कुजतो. कडं कापून फांदी खोडाशी सपाट केली तर कूज थेट खोडात शिरते. आणि मुख्य फांद्या मधोमध उडवल्या की त्या टोकांना झुबक्यानं कोवळे फुटवे येतात. ते दिसायला हिरवेगार असतात, पण त्यांची मुळं आतल्या लाकडात नसतात. ते वरच्यावर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जड होतात, खालचं टोक तोवर पोकळ झालेलं असतं, आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात त्यातली फांदी कुणाच्या तरी गाडीवर येते. "परत त्रास नको" म्हणून केलेल्या कामाचा त्रास असा व्याजासकट परत येतो.

नीट काम कसं करायचं, तेही इथंच सांगतो, कारण ते तीन कापांचं काम आहे आणि त्याला लागतो जेमतेम पाच मिनिटांचा जादा वेळ. पहिला काप खालून घ्यायचा, खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या जाडीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाइतका. करवत अडकायला लागायच्या आत थांबायचं. दुसरा काप वरून, पहिल्यापेक्षा थोडा टोकाकडे. फांदी स्वतःच्या वजनानं मोडते आणि साल ओरबाडत खोडापर्यंत येत नाही, कारण खालच्या कापाशी ती तुटते. आता हातात राहतो तो हलका खुंट. तो एका हातानं धरून तिसरा काप फुगीर कड्याच्या अगदी बाहेरून, कड्याच्या उताराला धरून द्यायचा. वर डांबर, शेण, रंग काही फासायचं नाही. त्यानं कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडली जाते. पत्र्यावर आलेली फांदी असेल तर दुसऱ्या कापाआधी दोर वरच्या बेचक्यातून घेऊन तिला बांधायची आणि खाली एक माणूस दोर सोडायला उभा करायचा. या सगळ्यात लाकूड पैशाचं मिळत नाही. मिळते ती कामाची किंमत, आणि ती मागायची तर आधी ती कागदावर वेगळी लिहिलेली असली पाहिजे.

झाडावरच्या कामाला स्वतंत्र किंमत असू शकते, ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या जॉन डेव्ही नावाच्या माळ्यानं ओहायोतल्या केंट गावी राहून 1901 मध्ये 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक छापलं. झाड तोडायला नव्हे, वाचवायला पैसे घ्यायचे, हा त्याचा आग्रह. त्याच्या नावाची कंपनी आजही चालू आहे. तिकडची श्रीमंती वेगळी, बागा वेगळ्या, हे खरं. पण आपल्याकडेही नारळ उतरवणारा नारळ घेऊन जातो का? तो झाडामागे पैसे सांगतो आणि नारळ मालकाच्या पायरीवर रचतो. म्हणजे झाडावर चढण्याची मजुरी द्यायची सवय कोल्हापूरकराला आहेच. ती फक्त आंबा, गुलमोहर आणि निलगिरीपर्यंत पोचलेली नाही.

आता जळणाकडे येऊ. इथं तोटा आणखी ढोबळ आहे आणि तो पाटीवर मांडून दाखवता येतो. आपल्याकडे जळण वजनकाट्यावर विकलं जातं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. बाभळीसारख्या घट्ट लाकडात कमी, पर्जन्यवृक्षासारख्या पोचट लाकडात जास्त. सोपं जावं म्हणून निम्मं धरू. एक टन ओल्या लाकडात 500 किलो लाकूड आणि 500 किलो पाणी. ते वाळवून पाणी वीस टक्क्यांवर आणलं की 500 किलो लाकडासोबत 125 किलो पाणी उरतं. काट्यावर 625 किलो भरतं. विकणाऱ्याच्या पोटात इथंच गोळा येतो: पावणेचारशे किलो गेलं कुठं? म्हणून तो तोडल्या दिवशीच ट्रॉली वखारीत नेऊन ओतायची घाई करतो. पण घेणाऱ्याच्या बाजूनं बघा. पूर्ण कोरड्या लाकडात किलोमागे साधारण 4500 किलोकॅलरी उष्णता असते. निम्मं पाणी असलेल्या लाकडातून किलोमागे हाती लागते 1950 च्या आसपास, कारण पाण्याचं वजन तर वजा होतंच, शिवाय ते पाणी उकळून उडवायलाही उष्णता खर्ची पडते. वीस टक्क्यांवर आलेल्या लाकडातून मिळते जवळजवळ 3500. म्हणजे वाळलेलं एक किलो हे ओल्या पावणेदोन किलोंच्या बरोबरीचं. विकणाऱ्याला वजनातली घट भरून काढायला भाव 1.6 पट हवा; घेणाऱ्याला माल 1.8 पट उपयोगाचा. या दोन आकड्यांच्या मधे भाव लावला तर दोघांचाही फायदा आहे, धूर कमी होतो ते वेगळंच. इंग्लंडनं 1 मे 2021 पासून नियमच केला आहे की दोन घनमीटरपेक्षा कमी मापात विकलं जाणारं जळण वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओलं असता कामा नये. आपल्याकडे तसा नियम नाही, पण नियम नसला म्हणून हिशेब बदलत नाही.

मग सगळे वाळवूनच का विकत नाहीत? कारण मजुरी लाकडात अडकलेली असते. शनिवारी माणसांचा पगार करायचा असतो आणि खिशात काही नसतं, अंगणात फक्त ओलं लाकूड असतं. ते मिळेल त्या भावानं काढून टाकावंच लागतं. मजुरी रोख हातात आली असती तर तेच लाकूड फोडून, रचून, उन्हाळाभर ठेवता आलं असतं. लाकूड हा माल आहे आणि मालाला थांबायची ताकद लागते. ती ताकद मजुरीतून येते, दुसरीकडून नाही. म्हणून हे दोन हिशेब वेगळे करणं ही नुसती नीटनेटकेपणाची हौस नव्हे. एक हिशेब दुसऱ्याला सावरून धरतो, पण तो वेगळा असेल तरच.

वाळवण्याच्या बाबतीत कोल्हापूरला निसर्गानं बरं दिलं आहे. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीकडे पाऊस धो-धो पडतो, पण शहर आणि पूर्वेकडचा भाग मानानं कोरडा. ऑक्टोबर संपल्यापासून मे अखेरपर्यंत ऊन आणि वारा दोन्ही मिळतात. नोव्हेंबर ते जानेवारीत तोडलेलं लाकूड लगेच फोडून ठेवलं तर पावसाच्या तोंडावर, म्हणजे लोक बेगमी करतात नेमक्या त्या वेळी, ते विकायला तयार होतं. यातला 'लगेच फोडून' हा भाग महत्त्वाचा. पाणी लाकडाच्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून बाहेर पडतं, सालीतून फारसं नाही. अख्खा ओंडका वर्षभर उन्हात पडला तरी आतून ओलाच राहतो. निलगिरी आणि बाभूळ ओली असताना सरळ फुटतात, वाळल्यावर घण आणि पाचर दोन्ही दमतात. थर जमिनीपासून वीतभर उंच, जुन्या पॅलेटवर किंवा दगडावर रचावा, दोन ओळींत हात जाईल एवढी फट ठेवावी, आणि जूनपासून वर पत्रा असावा पण बाजू उघड्या असाव्यात. ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड घामेजतं आणि बुरशी धरतं. वाळलं की नाही हे ओळखायला टोकाला चांदणीसारख्या भेगा बघाव्यात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघावेत: वाळलेलं टणक वाजतं, ओलं धप्प करतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र आता स्वस्तात मिळतं, ते गिऱ्हाइकासमोर टोचून दाखवलं की भावाची घासाघीस निम्मी कमी होते. लाकूड फोडायच्या यंत्रासाठी तर कोल्हापूरकरानं बाहेर बघायची गरजच नाही. ज्या उद्यमनगरात इंजिनांचे आणि पंपांचे भाग ओतले आणि कातले जातात, तिथं हायड्रॉलिक जॅकवर चालणारं फोडयंत्र बनवून घेणं अवघड नाही.

गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न इथं विचारला जातोच. गुऱ्हाळवाला हे उत्तर नव्हे. चुलवाणात उसाची चिपाडंच जातात, जळण त्याचं त्याच्याकडेच तयार होतं. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि होळीला शहरातली मंडळं शेणी दान करतात; तिथला लाकडाचा पुरवठा निविदेनं होतो, लहान माणसानं त्यावर धंदा उभारू नये. लहान माणसाचं गिऱ्हाईक म्हणजे आचारी, चुलीवरच्या मटणाच्या पाट्या लावलेली हॉटेलं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची मोठी पातेली चढवणारी मंगल कार्यालयं, आणि ज्यांच्या परसात अजून तांब्याचा बंब आहे अशी घरं. या प्रत्येकाला वेगळं लाकूड लागतं. बंबफोड बोटभर जाडीची आणि वीतभर लांबीची हवी. आचाऱ्याला मोठी आंच पटकन हवी, म्हणून त्याला सुबाभूळ, निलगिरी चालते. हॉटेलच्या चुलीला सावकाश जळणारी बाभूळ लागते. पांगारा, शेवगा, सावर कुणालाच नको. ते तोडून आणणाऱ्यानं मजुरी लाकडात धरली असेल तर त्याचा दिवस वाया गेला. आणि उलट बाजूनं, आंब्याचा, जांभळाचा सरळ ओंडका जळणात फोडणं हा मूर्खपणा आहे. परवान्याच्या सॉ मिलला तो दिला तर सेंट्रिंगच्या फळीला, पेट्यांना जातो. मिरजेचे तंतुवाद्य बनवणारे कारागीर तुणाच्या लाकडाचे तंबोरे करतात. असं लाकूड हाती आलं तर घण उचलायच्या आधी चार फोन करावेत. माल छाटून वेगळा करणं हे ज्याला जमतं त्याला एकाच झाडाचे तीन भाव मिळतात.

कायद्याबद्दल या धंद्यात बोलणं म्हणजे कपाळाला आठ्या. पण कायदा समजून घेतला तर तोही माझ्याच मुद्द्याच्या बाजूनं उभा राहतो. शहरात 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून लागते, आणि त्या कायद्यातली तोडण्याची व्याख्या जाळणं, कापणं किंवा कोणत्याही तऱ्हेनं झाडाला इजा करणं एवढी मोठी आहे. म्हणजे बोडकं करणं हे 'छाटणी'च्या नावाखाली सुटत नाही. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायचं बंधन घातलं. जिवाला किंवा मालमत्तेला तातडीचा धोका असेल तर थांबायची गरज नाही, पण मग चोवीस तासांत वृक्ष अधिकाऱ्याला कळवावं लागतं. वळवात पडायला आलेल्या झाडाचे फोटो काढून ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं. शहराबाहेर खाजगी रानात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, हिरडा अशी झाडं येतात. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. निलगिरी, सुबाभूळ त्या यादीत नाहीत. बांधावरच्या झाडाला हात लावण्याआधी सातबारा आणि शेजारी दोन्ही बघावेत. कोल्हापुरात बांधाचे वाद झाडापेक्षा जास्त वर्षं जगतात. आता यात मजुरीचा संबंध काय? परवानगीचा अर्ज, पंचनाम्याला हजर राहणं, हेलपाटे, हा सगळा कामाचा वेळ आहे. मजुरी वेगळी असेल तर हा वेळ बिलात लावता येतो. मजुरी लाकडात असेल तर हा वेळ फुकट जातो, आणि मग माणूस रविवारी पहाटे विनापरवाना झाड पाडायला निघतो. जीएसटीचंही तसंच. जळाऊ लाकडावर कर नाही, छाटणीच्या सेवेवर आहे. दोन्ही मिळून वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. दोन्ही एकाच आकड्यात कोंबलेल्या पावतीवर करसल्लागारही हात टेकतो.

माणसांचा हिशेब मात्र पावतीवर मावत नाही. झाडावरचं काम हे धोक्याचंच काम आहे. चालत्या चेनसॉचं टोक कशाला लागलं की ती उसळून तोंडाकडे येते. तार जिवंत आहे की बंद हे खालून बघून कळत नाही, महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय तारेजवळची फांदी कापू नये. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, पायाला चेन अडवणारी पँट, कमरेला दोन दोर, यांचा खर्च लाकडाच्या हिशेबात कधीच बसत नाही, कारण लाकडाचा भाव ठरवणाऱ्या वखारवाल्याला झाडावर कोण आणि कसा चढला याच्याशी देणंघेणं नसतं. कामावर मजूर जखमी झाला तर भरपाई मालकानं द्यायची, हे 1923 च्या कायद्यापासून चालत आलं आहे. विमा काढलेला नसेल तर एका अपघातात छोटा हत्ती, मशीन आणि घर तिन्ही जातात. सुरक्षिततेचा पैसा फक्त मजुरीतून येऊ शकतो. ज्याची मजुरी शून्य, त्याच्या सुरक्षिततेचं बजेटही शून्य.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: "हे सगळं बरोबर, पण पैसे देणार कोण? मी मजुरी सांगितली की मालक पुढच्याला बोलावतो, तो फुकटात करून देतो." हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय एवढाच की मालकाला दोन्ही आकडे एकाच कागदावर दाखवावेत. मजुरी इतकी, लाकूड आम्ही नेलं तर वजनाप्रमाणे इतकी वजावट, लाकूड तुम्ही ठेवलंत तर फोडून रचून द्यायचे इतके. बहुतेक मालकांना आपल्या झाडात किती लाकूड आहे, याचा अंदाजच नसतो. वजावटीचा आकडा बघितल्यावर त्यांना दोन गोष्टी कळतात: एक म्हणजे फुकट काम फुकट नव्हतं, आणि दुसरी म्हणजे हा माणूस आपल्याला फसवत नाही. सगळे मालक येणार नाहीत. जे येतील ते दर दोन वर्षांनी परत येतील, कारण नीट छाटलेलं झाड जिवंत राहतं आणि जिवंत झाड पुन्हा छाटावं लागतं. बोडक्या केलेल्या झाडाकडून एकदाच पैसे मिळतात. सोसायट्या, शाळा, दवाखाने यांना तर पावती लागतेच; फुकटवाला तिथं मुळातच बसत नाही.

दुसरा आक्षेप झाडांवर प्रेम करणाऱ्यांचा. हा धंदाच बंद व्हावा, करवत घेऊन हिंडणारा प्रत्येक माणूस शत्रू आहे, असं त्यांना वाटतं. त्यांचा राग मला कळतो, पण निष्कर्ष पटत नाही. शहरातलं झाड जंगलातल्या झाडासारखं मोकळं नसतं. त्याच्या मुळांवर पेव्हिंग ब्लॉक बसवलेले असतात, गटाराच्या खुदाईत अर्धी मुळं तुटलेली असतात, डोक्यावर तारा असतात. त्याला देखभाल लागते, आणि देखभाल हातात करवत असलेला माणूसच करतो. प्रश्न इतकाच की त्या माणसाचा फायदा झाड उभं राहण्यात आहे की पडण्यात. लाकडावर जगणाऱ्याचा फायदा पडण्यात. मजुरीवर जगणाऱ्याचा उभं राहण्यात. पावसाळ्यात पर्जन्यवृक्षावर बगळ्यांची घरटी असतात. अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पण तो कायदा पाळून काम दोन महिने पुढं ढकलणं परवडतं ते फक्त ज्याला ट्रॉली भरायची घाई नाही त्याला. वृक्षप्रेमींनी घोषणांइतकंच लक्ष या पावतीकडे दिलं तर झाडांचं जास्त भलं होईल.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर: जळणाला भविष्यच नाही. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, सिलिंडर खेड्यापाड्यांत पोचला. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये मुंबईतल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं. आज मुंबईत जे झालं ते उद्या इकडेही येऊ शकतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. सिलिंडरच्या भावावर जळणाची मागणी वरखाली होत राहील, पण एकूण उतार आहे. मात्र हा आक्षेप माझ्या विरोधात जात नाही. जळण उतरणीला लागलं असेल तर त्यावर मजुरी टांगून ठेवणं आणखीच धोक्याचं. वारा थांबणार नाही, वळीव थांबणार नाही, तारा आणि झाडं एकमेकांत गुंतणं थांबणार नाही. काम राहणार आहे. लाकडाचं जे व्हायचं ते होवो: जळण म्हणून नाही खपलं तर चिप्स करून झाडांच्या बुडाशी अंथरता येतं, भुसा दाबून पांढरा कोळसा करणाऱ्या कारखान्याला देता येतं, पाला शेळ्यांना जातो. लाकूड हे कामातून उरलेलं काहीतरी आहे असं धरलं की त्याच्या भावाची धास्ती उरत नाही.

नव्यानं या धंद्यात उतरणाऱ्या पोरानं म्हणून पहिल्या दिवशी मशीनच्या आधी पावतीपुस्तक छापून घ्यावं, आणि त्यात दोन रकाने ठेवावेत. ज्यांच्या अंगणात झाड आहे त्यांनाही विनंती आहे. यंदा वळवाच्या आधी छाटणीला माणूस बोलवाल तेव्हा "लाकूड तुम्ही न्या" हे वाक्य तोंडातून काढू नका. मजुरी किती ते विचारा, कोणत्या फांद्या काढणार ते झाडाखाली उभं राहून बोटानं दाखवून घ्या, परवानगीचा कागद बघा आणि लाकूड किती भरलं त्याची काट्याची चिठ्ठी मागा.